बलिदान आणि तारण: बायबलमधल्या या दोन सूत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल वाचायला घेतलेल्यांकडून, आणि वर्षानुवर्षे वाचणाऱ्यांकडूनही, सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडचणीच्या वचनांविषयी आहेत. एकाच गोष्टीवर दोनदा लिहिणे टाळण्यासाठी उत्तरांमध्ये एकमेकांकडे निर्देश केले आहेत.

यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आढळते: देव रागावला आहे आणि माणूस काहीतरी वाहून त्याला शांत करतो. शास्त्र मुळातून वाचले तर देण्याची सुरुवात देवाकडून होताना दिसते. हे लक्षात ठेवून वाचले की पुढची बरीच कोडी सुटतात, असे माझे ठाम मत आहे.

१. बलिदान आणि तारण हे एकच आहेत की वेगवेगळे?

सुरुवातीला वेगळे. बलिदानाची जागा वेदी. तिथे याजक असतो, अर्पण असते, देवाची उपासना असते. तारण, म्हणजे मोल देऊन सोडवणे, हा घरादाराचा आणि न्यायनिवाड्याचा व्यवहार. गहाण पडलेली जमीन सोडवायची, कर्जापायी गुलाम झालेल्या भावाला परत आणायचे, अशी ती कामे. जुन्या करारात हे दोन प्रवाह बराच काळ शेजारी शेजारी वाहतात आणि काही ठिकाणी मिळतात. वल्हांडणाची रात्र, म्हणजे इस्राएल मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटला ती रात्र, हे त्यातले सर्वांत ठळक ठिकाण (प्रश्न ४).

नव्या करारात ते एकजीव होतात. रोमकरांस ३:२४-२५ मध्ये प्रेषित पौल एकाच दमात न्यायालयाची भाषा वापरतो (नीतिमान ठरवणे), खंडणीची वापरतो (सोडवणूक) आणि वेदीचीही वापरतो (रक्ताने प्रायश्चित्त). १ पेत्र १:१८-१९ मध्येही तसेच: सोने-रुप्याने नव्हे, निर्दोष कोकऱ्यासारख्या ख्रिस्ताच्या रक्ताने तुम्ही सोडवले गेलात. खंडणीचे मोल आणि वेदीवरचे अर्पण तिथे एकच होऊन जातात.

२. जुन्या करारात अर्पणे किती प्रकारची होती? सगळी पापासाठीच असायची का?

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १ ते ७ या अध्यायांत पाच मुख्य प्रकार येतात: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. सगळी पापासाठी नव्हती. होमार्पण पूर्ण जाळले जाई. अन्नार्पण धान्याचे किंवा पिठाचे असे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, ठरलेला वाटा याजकाला मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह देवासमोर बसून खाई. उपकारस्तुती किंवा नवसफेड म्हणून ते केले जाई. जे जेवण देवाच्या सान्निध्यात होते त्याला शिक्षा कसे म्हणायचे?

दोषार्पणाबद्दल एक गोष्ट लोक हमखास विसरतात. लेवीय ६:१-७ प्रमाणे कोणी शेजाऱ्याला फसवले किंवा लुबाडले, तर आधी ती वस्तू परत द्यायची, वर एक पंचमांश भर घालायची, आणि मग अर्पण आणायचे. ज्याचे नुकसान केले त्याला वगळून देवाशी परस्पर मिटवून टाकण्याची सोय नियमशास्त्रात नाही. येशूही डोंगरावरील प्रवचनात हेच सांगतो: वेदीपाशी आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी समेट कर (मत्तय ५:२३-२४).

३. पण रक्तच का? देवाला रक्त लागतं का?

लागत नाही. स्तोत्र ५० मध्ये देव स्वतः विचारतो, मी बैलांचे मांस खातो का, बोकडांचे रक्त पितो का? त्या काळी आसपासच्या अनेक समाजांत यज्ञ हे दैवतांचे अन्न मानले जाई. ती कल्पनाच इथे मोडीत काढली आहे.

रक्ताचा अर्थ लेवीय १७:११ मध्ये दिला आहे: प्राण्याचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी मी तुम्हांला दिले आहे. "मी दिले आहे" हे शब्द सहज नजरेतून सुटतात. वेदीवर रक्त ओतणारा माणूस देवाला त्याच्याकडे नसलेले काही देत नाही. देवाने दिलेली वाट तो चालतो. जीव देवाचा, म्हणून इस्राएलाला रक्त खाण्याची सक्त मनाई होती. त्याचा एकच उपयोग मान्य होता: तुटलेले नाते सांधणे आणि अशुद्ध झालेले शुद्ध करणे.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत. तेही परवडत नसेल तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ आणावे, त्यात तेल नको, धूप नको (लेवीय ५:७-१३). म्हणजे गरिबाचे पापार्पण रक्ताविनाही स्वीकारले जाई. "रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही" हे इब्री ९:२२ मधले वचन उद्धृत करताना त्याच ओळीतला "बहुतेक सर्व" हा शब्दप्रयोग गाळू नये. पत्राच्या लेखकाला हे सपीठ ठाऊक असणार. बाळ येशूला मंदिरात आणताना मरीया आणि योसेफ यांनी जे दिले तेही गरिबांसाठी ठरलेले पक्ष्यांचेच अर्पण होते (लूक २:२४).

४. वल्हांडणाचा कोकरा म्हणजे पापार्पणच ना?

नाही. निर्गम १२ मध्ये पापाचा उल्लेखही नाही. एक वर्षाचा निर्दोष नर, मेंढरांतला किंवा शेरडांतला, महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचा, चौदाव्या दिवशी संध्याकाळी मारायचा. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे. मांस भाजून त्याच रात्री खायचे, कंबर बांधून, पायांत जोडे घालून. एकही हाड मोडायचे नाही. ना याजक, ना वेदी. घर हीच वेदी.

मिसरातल्या गुलामगिरीतून निघण्याच्या रात्रीची ही खूण. सुटका आधी, सीनाय डोंगरावरच्या आज्ञा नंतर, अर्पणांचे नियम त्याहून नंतर. इस्राएलाने नियम पाळले म्हणून त्याला सोडवले गेले नाही. सोडवले गेले, म्हणून त्याला नियम मिळाले. हा क्रम उलटा केला की सगळा विश्वास व्यापार होऊन बसतो.

पौल ख्रिस्ताला "आपला वल्हांडण" म्हणतो (१ करिंथ ५:७), आणि योहान क्रुसावरच्या येशूचे हाड मोडले नाही हे आवर्जून नोंदवतो (योहान १९:३६). बाप्तिस्मा करणारा योहान मात्र "जगाचे पाप हरण करणारा कोकरा" म्हणतो. तिथे वल्हांडण, मंदिरातली रोजची अर्पणे आणि यशयाचा सेवक (प्रश्न १०) या तिन्ही प्रतिमा एकत्र आल्या आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात.

५. प्रायश्चित्ताच्या दिवशी काय व्हायचं? दोन बोकड कशाला?

सातव्या महिन्याचा दहावा दिवस. वर्षातून फक्त याच दिवशी, फक्त प्रमुख याजक, अंतरपटाच्या आत परमपवित्रस्थानात जाई. लेवीय १६ वाचताना त्याची पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवावी: पहिला प्रमुख याजक अहरोन याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, देवासमोर परका अग्नी घेऊन गेले आणि मरण पावले होते. त्याच अहरोनाला आता आत कसे यायचे ते शिकवले जाते. तो नेहमीची भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घालतो. आधी स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो, कारण मध्यस्थही पापीच आहे. धूप जाळून त्याच्या ढगात दयासन (कराराच्या कोशाचे झाकण) झाकतो आणि रक्त शिंपडतो.

दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एक परमेश्वरासाठी. त्याचे रक्त आत नेऊन पवित्रस्थानच शुद्ध केले जाई. इथे लोक चकित होतात: शुद्ध करायची ती जागा होती? हो. लोकांच्या पापाने देवाची वस्तीही मलिन होते, आणि ती तशीच राहिली तर देव आपल्या लोकांत राहणार कसा, ही लेवीयची खरी चिंता आहे. दुसऱ्या, जिवंत बोकडाच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवून इस्राएलाच्या सर्व अपराधांची कबुली देई आणि मग तो बोकड रानात सोडून दिला जाई. पाप वाहून गावाबाहेर नेणारा हा बोकड मारला जात नाही, हे ध्यानात घ्यावे. एक बोकड शुद्ध करतो, दुसरा दूर नेतो.

इब्री पत्राने हा संपूर्ण विधी ख्रिस्ताच्या संदर्भात वाचला आहे. त्यातला मला सर्वांत भिडणारा धागा अध्याय १३ मधला: पापार्पणाच्या प्राण्यांची शरीरे छावणीबाहेर जाळली जात, तसेच येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही त्याची बदनामी सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ.

६. मोल देऊन सोडवणं हा व्यवहार प्रत्यक्षात कसा होत असे?

नियम लेवीय २५ मध्ये आहेत. एखाद्या इस्राएली माणसाला दारिद्र्यामुळे वतनाची जमीन विकावी लागली, तर त्याच्या जवळच्या आप्ताने ती सोडवावी. तो स्वतःच विकला गेला, तर भाऊ, चुलता किंवा चुलतभाऊ त्याला सोडवू शकतो. किंमत योबेल वर्षापर्यंत किती वर्षे उरली त्यावर ठरे. योबेल म्हणजे पन्नासावे वर्ष. त्या वर्षी जमिनी मूळ घराण्यांकडे परत जात आणि विकले गेलेले इस्राएली मोकळे होत. तटबंदीच्या शहरातले घर मात्र अपवाद: ते एका वर्षाच्या आत सोडवले नाही तर कायमचे गेले. लेवींच्या घरांना हा अपवाद लागू नव्हता.

या सगळ्याचे कारण देव दोन वाक्यांत देतो: जमीन माझी आहे, आणि लोक माझे दास आहेत, मी त्यांना मिसरातून आणले.

रूथच्या पुस्तकात हा नियम माणसांच्या आयुष्यात उतरलेला दिसतो. नामी विधवा, मुलगे मेलेले, जमीन हातची जाण्याच्या बेतात. बवाज आप्त आहे, पण त्याच्याहून जवळचा एक आप्त आहे. जमीन घ्यायला तो माणूस लगेच तयार होतो. त्याबरोबर नामीची विधवा सून, मवाबी रूथ, हिचीही जबाबदारी घ्यावी लागेल आणि मृताचे नाव चालवावे लागेल हे कळताच तो मागे सरतो, कारण त्याने त्याच्या स्वतःच्या वतनाचे नुकसान होईल. तो जोडा काढून देतो आणि हक्क सोडतो. पुस्तकात त्याचे नावही येत नाही. बवाज ते नुकसान पत्करतो. सोडवणाऱ्याला किंमत पडते, आणि त्याने ती आपल्या खिशातून द्यायची असते.

आणखी दोन प्रसंग. यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, आणि स्वतः कैदेत असताना, यिर्मया चुलतभाऊ हानामेल याचे अनाथोथ इथले शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो (यिर्मया ३२). शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन सोडवायची म्हणजे देव परत आणील यावर पैसे लावणे. दुसरा होशेयाचा: व्यभिचारिणी झालेल्या स्त्रीवर प्रीती कर अशी आज्ञा त्याला होते आणि तो १५ शेकेल रुपे आणि दीड होमर जव देऊन तिला घेतो (होशेय ३). रोख पुरली नाही म्हणून धान्य घातले असावे, असे वाटते.

हीच पदवी देवाला लावली जाते. यशयाच्या उत्तरार्धात परमेश्वर पुन्हा पुन्हा स्वतःला इस्राएलाचा उद्धारक म्हणवतो. ईयोब राखेत बसून म्हणतो, माझा उद्धारक जिवंत आहे. त्यांच्या कानांना त्यात आप्ताचे नाते ऐकू येत होते. देव परक्यासारखा मदत पाठवत नाही, घरचा माणूस म्हणून येतो.

७. अब्राहामाकडे मुलाचा बळी मागणारा देव प्रेमळ कसा?

हा प्रश्न अस्वस्थ करायलाच हवा. ज्याला उत्पत्ती २२ वाचून काहीच होत नाही, त्याने ते पुन्हा, सावकाश वाचावे. "तुझा पुत्र, एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो इसहाक." लाकडे मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. "होमार्पणासाठी कोकरू कोठे आहे?" या प्रश्नावर बापाचे उत्तर: देव स्वतः पाहून देईल.

पहिली गोष्ट, कथेची पहिलीच ओळ वाचकाला सांगते की ही परीक्षा आहे. अब्राहामाला ते माहीत नव्हते, आपल्याला आहे. दुसरी, मुलांचे बळी त्या प्रदेशात दिले जात. मवाबाच्या राजाने युद्धात ज्येष्ठ पुत्राचा होम केला (२ राजे ३:२७). इस्राएलात मोलख या परक्या दैवताला मूल देणे हा मरणदंडाचा गुन्हा होता, आणि यिर्मया ७:३१ मध्ये देव म्हणतो की अशी आज्ञा मी केली नाही, ते माझ्या मनातही आले नाही. उत्पत्ती २२ चा शेवट त्याच बाजूला उभा आहे: हात थांबवला जातो, झुडपात शिंगे अडकलेला एडका दिसतो, तोच मुलाच्या जागी अर्पण होतो. पुढे नियमशास्त्रात प्रत्येक ज्येष्ठ पुत्र देवाचा म्हटला आहे, पण त्याला अर्पण करायचे नाही, सोडवायचे. त्याचे मोल पाच शेकेल ठरले होते.

तरीही सगळा पेच यातून सुटत नाही, आणि तो सुटला असे मी म्हणणार नाही. तीन दिवसांची ती वाट बापाने चालली ती चाललीच. एवढे मात्र दिसते की "पुत्राला राखून ठेवले नाही" हे अब्राहामाविषयीचे शब्द पौल रोमकरांस ८:३२ मध्ये देवाविषयी वापरतो. डोंगरावर माणसाचा हात थांबवणारा देव स्वतःच्या बाबतीत थांबला नाही. अब्राहाम गेला त्या प्रदेशाचे मोरिया हे नाव बायबलमध्ये आणखी एकदाच येते: शलमोनाने मंदिर बांधले ती जागा म्हणून (२ इतिहास ३:१).

८. इफ्ताहने मुलीचा होम केला. देवाने तो स्वीकारला का?

इफ्ताह हा इस्राएलाचा एक पुढारी; युद्ध जिंकलो तर घरातून जे प्रथम भेटायला येईल त्याचा होम करीन अशी शपथ त्याने वाहिली, आणि भेटायला आली ती मुलगी. शास्ते ११ मध्ये देवाने तो मागितला असे नाही, स्वीकारला असेही नाही. उतावळेपणाने केलेल्या शपथेतून बाहेर पडण्याची तरतूद लेवीय ५:४-६ मध्ये होती. शास्ते हे पुस्तकच "जो तो आपल्या दृष्टीला बरे दिसेल ते करी" अशा काळाचे चित्र आहे. इब्री ११:३२ मध्ये इफ्ताहचे नाव विश्वासवीरांत येते ते युद्धातल्या विश्वासासाठी. त्या यादीतल्या शमशोनाचे सगळे वागणेही कोणी अनुकरणीय मानत नाही.

९. संदेष्टे यज्ञांच्या विरोधात होते का?

आमोस म्हणतो, तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो, होमार्पणांना मी विटलो आहे, तुमचे हात रक्ताने भरले आहेत. मीखा विचारतो, हजारो एडके आणू का, ज्येष्ठ पुत्र देऊ का? आणि उत्तर देतो: नीतीने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. होशेय ६:६ मधले "मला यज्ञ नको, दया हवी" हे वचन येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा उच्चारले आहे.

हा विरोध यज्ञाआड लपण्याला होता. विधवांना लुबाडून मंदिरात येणाऱ्या माणसाला दोषार्पणाचा नियमच (प्रश्न २) परत पाठवत होता. संदेष्टे त्याच नियमाची आठवण करून देतात, फक्त भर चौकात आणि मोठ्या आवाजात. स्तोत्र ५१ मध्ये दोन्ही बाजू एकत्र सापडतात: देवाला भग्न हृदय हवे असे म्हणून झाल्यावर शेवटच्या ओळींत योग्य अर्पणांचाही आनंद आहे.

१०. यशया ५३ मधला दुःखी सेवक म्हणजे येशूच का?

ख्रिस्ती परंपरेचे उत्तर होय. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी अधिकारी रथात बसून हाच भाग वाचत असतो आणि विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो? फिलिप्प तिथूनच येशूची सुवार्ता सांगू लागतो. यहूदी वाचनात हा सेवक बहुधा इस्राएल राष्ट्र असतो, आणि यशया ४१:८ सारख्या ठिकाणी इस्राएलाला स्पष्टपणे सेवक म्हटले आहेही. तो अर्थ कमी लेखू नये. ख्रिस्ती वाचक म्हणतो की इस्राएलाला मिळालेली सेवकाची भूमिका इस्राएलातल्या एकाने शेवटास नेली. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते १०वे वचन: तिथे माणसाच्या जिवाला दोषार्पण म्हटले आहे. वेदीची भाषा इथे एका व्यक्तीला, आणि तीही आदराने, लावली जाते.

११. येशूने स्वतः आपल्या मरणाला बलिदान म्हटलं होतं का?

दोन जागा निर्णायक आहेत. मार्क १०:४५: मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला. हे वाक्य शिष्य मानाच्या जागांवरून भांडत असताना उच्चारलेले आहे, हे विसरू नये. दुसरी, शेवटचे भोजन. प्याला देताना तो "कराराचे माझे रक्त" म्हणतो. सीनायच्या पायथ्याशी मोशेने लोकांवर रक्त शिंपडून उच्चारलेले शब्द तेच होते (निर्गम २४:८). लूक आणि पौल "नवा करार" म्हणतात, आणि त्यातून यिर्मया ३१ मधले नव्या कराराचे वचन जागे होते.

ते भोजन वल्हांडणाचे होते का, यावर शुभवर्तमानांत फरक आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात ते वल्हांडणाचे भोजन आहे. योहानात येशू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे भोजनाच्या आधी, वधस्तंभावर दिला जातो. मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. चौघांनाही ते मरण वल्हांडणाच्या प्रकाशात दाखवायचे आहे, एवढे निर्विवाद.

१२. खंडणी दिली ती कोणाला? सैतानाला की देवाला?

शास्त्र सांगत नाही. "मोल देऊन विकत घेतलेले" असे पौल लिहितो, घेणारा कोण ते लिहीत नाही. ३ऱ्या शतकात ओरिजेनने आणि ४थ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने ती सैतानाला दिली असे मांडले. त्याच काळातल्या नाझिआंझसच्या ग्रेगरीला हे मुळीच पटले नाही. लुटारूला देवाने मोल द्यायचे? पण पित्याला दिली म्हणावे तर त्याने आपल्याला कैद केले नव्हते. ११व्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने सैतानाचा हक्क नाकारून देवाच्या मानाची भरपाई हा विचार पुढे आणला. १२व्या शतकात अबेलार्डने माणसाचे मन वळवणाऱ्या प्रीतीवर भर दिला. १६व्या शतकातल्या धर्मसुधारकांनी शिक्षा आपल्याऐवजी सोसण्यावर दिला. सर्व मंडळ्यांनी यांपैकी एकच उपपत्ती विश्वासाचे कलम म्हणून ठरवली, असे कधी झाले नाही.

माझे मत: निर्गमाकडे परत जावे. देवाने इस्राएलाला सोडवले तेव्हा फारोला दमडीही दिली नाही. तरी सोडवणे महाग होते. किंमत होती, पावती लिहून घेणारा कोणी नव्हता.

१३. निरपराधाला दुसऱ्याची शिक्षा देणं अन्याय नाही का?

असेल, जर कोणी तिसऱ्याच माणसाला पकडून शिक्षा दिली असेल. शास्त्रही याबाबत सावध आहे. सोन्याच्या वासराच्या पापानंतर मोशे म्हणतो, त्यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोड. देव नकार देतो (निर्गम ३२:३२-३३). यहेज्केल १८ मध्ये स्पष्ट आहे: मुलाने बापाचा दोष वाहायचा नाही. स्तोत्र ४९ म्हणते, कोणीही आपल्या भावाची खंडणी देऊ शकत नाही, जिवाचे मोल फार मोठे आहे. आणि त्याच स्तोत्रात काही ओळींनंतर येते: पण देव माझा जीव सोडवील.

उत्तर इथे आहे. माणूस माणसाला सोडवू शकत नाही, देव सोडवतो. ख्रिस्ती विश्वासात क्रुसावर देव आणि माणूस यांच्यामध्ये आणलेला तिसरा कोणी नाही. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो (योहान १०:१८). रागावलेला पिता आणि मार खाणारा पुत्र असे चित्र प्रवचनांतून ऐकू आले तर ते शास्त्रापेक्षा तोकडे आहे असे खुशाल म्हणावे. पुत्र पाठवला तोच मुळी पित्याच्या प्रीतीने.

एकाने दुसऱ्यासाठी पुढे येण्याची पूर्वछाया हवी असेल तर उत्पत्ती ४४ पाहा. योसेफाला विकण्याची सूचना देणारा यहूदा बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम राहायला तयार होतो. ते ऐकून योसेफाचा बांध फुटतो.

१४. ख्रिस्ताच्या आधी जगलेल्यांचं तारण कसं झालं?

विश्वासाने, असे पौल अब्राहामाचे उदाहरण देऊन सांगतो (रोमकरांस ४). बैल-बकऱ्यांचे रक्त पाप हरण करू शकत नव्हते (इब्री १०:४), पण ख्रिस्ताचे मरण पहिल्या कराराखाली झालेल्या अपराधांपासूनही सोडवते, असे इब्री ९:१५ म्हणते.

१५. बलिदान एकदाच झालं, तर पौलाने नंतर मंदिरात अर्पणं का केली?

प्रेषितांची कृत्ये २१:२३-२६ मध्ये पौल नवस केलेल्या चौघांचा खर्च उचलतो, आणि गणना ६ प्रमाणे त्यात पापार्पणही येत होते. पहिली मंडळी यहूदी होती. मंदिर हे त्यांचे प्रार्थनास्थान होते. येशूवर विश्वास म्हणजे आपल्या लोकांच्या उपासनेचा त्याग, असे त्यांना वाटत नव्हते. शिवाय पौल नियमशास्त्र सोडायला शिकवतो ही अफवा खोडण्यासाठी त्याने हे केले. यज्ञांवर त्याचे तारण अवलंबून नव्हते म्हणूनच तो ते मोकळेपणाने करू शकला, असे मला वाटते.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि यज्ञ थांबले. यहूदी समाजाने प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांतून आपली वाट पुढे नेली, आणि त्यासाठी होशेय ६:६ याच वचनाचा आधार घेतला गेला.

१६. मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) हे बलिदान आहे का?

कॅथलिक शिकवण होय म्हणते. त्रेंतच्या परिषदेने १५६२ मध्ये ते मांडले: क्रुसावरचेच बलिदान, रक्ताविना, वेदीवर उपस्थित होते. नवे किंवा जास्तीचे नाही. ऑर्थोडॉक्स मंडळ्याही उपासनेला बलिदान मानतात. प्रोटेस्टंट मंडळ्या "एकदाच" या इब्री पत्राच्या ठाम शब्दावर बोट ठेवून प्रभुभोजनाला स्मरण, सहभागिता आणि उपकारस्तुती मानतात. ख्रिस्ताचे बलिदान अपुरे होते असे यांपैकी कोणीच म्हणत नाही. हा मुद्दा वादात सहसा हरवतो.

१७. इब्री १०:२६ वाचून झोप उडाली. जाणूनबुजून पाप केलं तर आता माझ्यासाठी बलिदानच उरलं नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक जण मनाने हळवे, स्वतःवर कठोर असतात. म्हणून सावकाश वाचावे.

संदर्भ छळाचा आहे. या लोकांनी मालमत्ता लुटली जाताना सोसले होते (१०:३२-३४) आणि आता काही जण ख्रिस्तालाच सोडून चालले होते. २९व्या वचनात त्या पापाचे वर्णन आहे: देवाच्या पुत्राला पायांखाली तुडवणे, कराराचे रक्त अपवित्र मानणे. मोह झाला, पडलो, पुन्हा पडलो, यापेक्षा ते वेगळे आहे. एकमेव बलिदान झिडकारणाऱ्याला दुसरे मिळणार नाही, कारण दुसरे नाहीच.

पेत्राने शपथ वाहून येशूला तीनदा नाकारले आणि त्याला मेंढरे राखायला सांगितले गेले. दावीदाच्या पापासाठी (व्यभिचार आणि खून) नियमशास्त्रात अर्पण नव्हते, तरी त्याला क्षमा मिळाली. १ योहान २:१ तर पाप करणाऱ्यालाच उद्देशून म्हणते की आपला कैवारी पित्याजवळ आहे. ज्याला या वचनाने भीती वाटते त्याने पाठ फिरवलेली नाही. पाठ फिरवलेल्याला त्याचे सोयरसुतक नसते. भीती खूपच जड होत असेल तर एकट्याने वाचत बसू नये, भरवशाच्या पाळकाशी किंवा मित्राशी बोलावे.

१८. कलस्सैकरांस १:२४ प्रमाणे ख्रिस्ताच्या दुःखात काही उणं राहिलं होतं का?

तारणाच्या बाबतीत नाही. त्याच पत्रात चार वचने आधी क्रुसाच्या रक्ताने सर्वांचा समेट झाल्याचे लिहिले आहे. उणे राहिले ते पोहोचवणे. फिलिप्पैकरांस २:३० मध्ये एपफ्रदीताने मंडळीच्या सेवेतली "उणीव" भरून काढली, म्हणजे तिची भेट जीव धोक्यात घालून पौलापर्यंत नेली. पौल तुरुंगात जे सोसतो ते त्याच अर्थाने.

१९. घरात मारहाण होते. "ख्रिस्तासारखं सोस, हेच तुझं बलिदान" असं सांगितलं जातं. हे बरोबर आहे का?

नाही. येशूने प्राण आपण होऊन दिला (प्रश्न १३). जबरदस्तीने हिसकावून घेतलेल्याला बलिदान म्हणत नाहीत. नासरेथात लोक कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो निघून गेला (लूक ४:२९-३०). दगड उचलले गेले तेव्हा तो लपला. दावीद शौलापासून पळाला. पौल पाटीत बसून तटावरून उतरला, आणि फटके मारण्याची तयारी होताच आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला. सुरक्षित जागी जाणे, कायद्याची मदत घेणे हे विश्वासात कमी पडणे नाही. रोमकरांस १२:१ मधले "जिवंत यज्ञ" हे सेवेत आणि प्रीतीत घालवलेले आयुष्य आहे, मार खाण्यासाठी दिलेले शरीर नाही. दुसऱ्याला बलिदान करायला लावणाऱ्यांना यशया १ पुन्हा वाचायला द्यावे.

२०. तारण झालं आहे, तर जग अजून असं का?

पौल एकाच शब्दाने दोन काळ सांगतो. इफिसकरांस १:७ मध्ये सोडवणूक मिळाली आहे. रोमकरांस ८:२३ मध्ये शरीराच्या सोडवणुकीची वाट पाहत आपण कण्हत आहोत, आणि आपल्यासह सगळी सृष्टी. म्हणजे तारण केवळ आत्म्याचे नाही. जमिनीपासून सुरू झालेला तो व्यवहार (प्रश्न ६) शेवटी पुन्हा सृष्टीकडेच येतो.

२१. यहेज्केल ४० ते ४८ मध्ये भावी मंदिर आणि पापार्पणं आहेत. म्हणजे यज्ञ पुन्हा सुरू होणार का?

काही जण, विशेषतः ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य शब्दशः मानणारे, होय म्हणतात, आणि ते यज्ञ स्मरणार्थ असतील असे सांगतात. अडचण अशी की यहेज्केल ४५ मध्ये ती अर्पणे प्रायश्चित्तासाठीच म्हटली आहेत, आणि इब्री १०:१८ म्हणते की जिथे क्षमा झाली तिथे पापार्पण नाही. दुसरे वाचन असे: देशोधडीला लागलेल्या याजक-संदेष्ट्याला देवाची परतलेली वस्ती त्याच्या ओळखीच्या भाषेत दाखवली गेली. मला हे दुसरे अधिक पटते, कारण यहेज्केलच्या चित्रातली मंदिरातून वाहणारी नदी आणि तिच्या काठची औषधी पानांची झाडे प्रकटीकरण २२ मध्ये पुन्हा येतात, मात्र त्या नगरात मंदिर नाही. प्रभू देव आणि कोकरा हेच तिथले मंदिर आहेत (प्रकटीकरण २१:२२).